नऊ फूट

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या टेबलापासून दिवाणाच्या कडेपर्यंत बरोबर नऊ फूट भरतात. मागच्या महिन्यात टेप लावून मोजले. मग दुपारी सगळीकडे सामसूम असताना दिवाणाला पाठ टेकून फरशीवर बसलो, उजवा हात अंगाशी घट्ट धरला आणि डाव्या कोपरावर सरकत टेबलापर्यंत जायला किती वेळ लागतो ते पाहायला निघालो. वय एक्याऐंशी. अर्ध्या वाटेत दम लागला. तेवढ्यात ही आतून आली.

"अहो! पडलात की काय?"

"नाही. मोजतोय."

"फरशी मोजताय?"

"वेळ मोजतोय."

"आधी उठा. मग काय ते मोजा."

उठायलाच सरकण्यापेक्षा जास्त वेळ लागला. टेबलापर्यंत मी काही पोचलो नाही. मला दोन्ही हात होते, पोटात जखम नव्हती, खाली गुळगुळीत फरशी होती आणि बाहेर कोणी तोफा डागत नव्हतं, तरी पोचलो नाही. १८ मार्च १९४३ रोजी जर्मनीतल्या फेगेझाक गावावर, २४,००० फुटांच्या आसपास, टेक्ससचा एक एकवीस वर्षांचा पोरगा अशाच नऊ फुटांवर फेकला गेला होता आणि तो परत आपल्या जागेवर पोचला. त्याचं नाव जॅक मॅथिस. तो बॉम्बार्डियर होता, म्हणजे विमानाच्या काचेच्या नाकात बसून नेम धरणारा आणि बॉम्ब सोडणारा माणूस.

मी कोण आणि मला त्याचं काय, हे आधी सांगतो. मी हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. विमानातली घड्याळं आमची. उंची दाखवणारं, वेग दाखवणारं, क्षितिज दाखवणारं, सगळी. पायलट लोकांच्या गोष्टी ऐकायला माणसं गोळा होतात. आमच्या गोष्टी आम्हीच कँटीनमध्ये एकमेकांना सांगायचो. १९६६ साली माझी बदली पुण्याला लोहगावला झाली आणि तिथं ६ नंबर स्क्वाड्रनची लिबरेटर विमानं मी पहिल्यांदा हाताळली. चार इंजिनांची, अमेरिकन बनावटीची, दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बफेकी विमानं. आमच्याकडे ती बॉम्ब टाकत नव्हती, अरबी समुद्रावर गस्त घालत होती.

ती विमानं आपल्याकडे आली त्याचीही गोष्ट आहे. युद्धात अमेरिकेनं ती लेंड-लीज करारानं ब्रिटिशांना दिली होती. युद्ध संपल्यावर ती परत तरी करायची, नाहीतर निकामी तरी करायची. कानपूरच्या चकेरी तळावर ब्रिटिशांनी ती निकामी केली. इंजिनांत वाळू ओतली, अवजड यंत्रं घालून चेपली आणि उघड्यावर सोडून दिली. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगाऱ्यातून एकाचा पंख, दुसऱ्याचं इंजिन असं करत विमानं उभी केली आणि कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. चाळिशीच्या घरात विमानं अशी वाचली. १९४८ च्या नोव्हेंबरात पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं, १९५१ साली आमचं ६ नंबर पुण्यात. १९६८ सरता सरता ती निवृत्त झाली, तेव्हा जगात दुसरं कुठलंच हवाई दल लिबरेटर चालवत नव्हतं.

मे महिन्यात लोहगावला लिबरेटरच्या नाकात शिरायचं म्हणजे तापल्या तव्यावर बसायचं. पुढे काच, खाली काच, बाकी सगळा पत्रा. गुडघे पोटाशी घेऊन काम करायचं. तिथं बसल्यावर कधीतरी मनात यायचं की ह्याच जागेवर लढाईत एक माणूस बसायचा. त्याच्या पुढे ना पत्रा, ना इंजिन. विमानाच्या अगदी पुढच्या टोकाशी तो.

मॅथिसचं नाव मात्र मला लोहगावला कळलं नाही. ते कळलं २०१८ साली. धाकटी लेक ऑस्टिनला असते. सुट्टीत तिनं आम्हाला पश्चिम टेक्सस दाखवायला नेलं. तीन-साडेतीन तास गाडी चालली आणि बाहेरचं दृश्य बघून मी हिला म्हटलं, हा तर आपला माण तालुका. कोरडी जमीन, लांबवर मेंढ्या, आणि रस्त्याच्या कडेनं काटेरी झुडपं. लेक म्हणाली त्याला मेस्कीट म्हणतात. मी म्हटलं, म्हणू देत, ही आपली वेडी बाभूळ आहे. पुढे सॅन अँजेलो गाव लागलं. काँचो नदीच्या काठचं, लोकरीच्या व्यापारावर वाढलेलं. गावाबाहेर विमानतळाची पाटी होती आणि तिच्यावर नाव होतं मॅथिस फील्ड.

जुन्या सवयीनं विचारलं, हा मॅथिस कोण? लेकीनं फोनवर शोधून वाचून दाखवलं. त्यात बॉम्बार्डियर शब्द आला आणि मी गाडी थांबवायला सांगितली. हा विमानतळ युद्धकाळात बॉम्बार्डियर घडवणारी शाळा होता. त्याच गावात, फेअरमाउंट स्मशानभूमीत, जॅक मॅथिस पुरलेला आहे. आम्ही तिथं जाऊन आलो. तेव्हापासून त्याच्याविषयी जे मिळेल ते वाचत आलोय.

जॅकचा जन्म २५ सप्टेंबर १९२१ चा. जून १९४० मध्ये तो सैन्यात भरती झाला, तो तोफखान्यात. त्याचा थोरला भाऊ मार्क हवाई शाखेत गेला, गावाजवळच्याच गुडफेलो फील्डवर. ते कळल्यावर जॅकनं बदली मागितली आणि भावाजवळ आला. पुढे दोघंही बॉम्बार्डियर झाले. जुलै १९४२ मध्ये जॅकला कमिशन मिळालं. त्याची नेमणूक ३०३ व्या बॉम्बर ग्रुपमध्ये झाली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात हा ग्रुप इंग्लंडात मोल्सवर्थ नावाच्या खेड्याजवळच्या तळावर उतरला. पुढे ग्रुपनं स्वतःला 'हेल्स एंजल्स' म्हणवून घेतलं. त्यांचं विमान बी-१७, दहा माणसांचं. जॅकच्या विमानाचं नाव 'द डचेस', म्हणजे सरदारीणबाई.

आता त्याचं यंत्र. हे माझ्या पेशातलं, म्हणून इथं जरा थांबतो.

अमेरिकन बॉम्बार्डियरच्या पुढ्यात जे असायचं त्याला नॉर्डन बॉम्बसाइट म्हणत. कार्ल नॉर्डन हा डच इंजिनियर, जन्म जावा बेटावरच्या सेमारांगचा. त्यानं अमेरिकन नौदलासाठी हे यंत्र केलं. एका संग्रहालयात मी ते काचेआड पाहिलंय. शिवणयंत्राच्या डोक्याएवढं असेल, काळं, बाजूंना नक्षीदार कडांच्या गुंड्या. बघणाऱ्याला वाटेल की ही दुर्बीण. पण ती दुर्बीण कमी आणि गणित करणारं यंत्र जास्त.

त्याच्या पोटात जायरो असतो. जायरो म्हणजे भोवरा. गावाकडे आम्ही जाळी गुंडाळून भोवरा सोडायचो. जोरात फिरणारा भोवरा हातावर घेतला आणि हात तिरका केला, तरी तो आपला उभाच. माझी सगळी नोकरी ह्या एका गोष्टीवर गेली. विमान डुललं, हेलकावलं तरी आतला भोवरा आपली दिशा सोडत नाही, म्हणून पायलटला ढगात वर-खाली कळतं. नॉर्डननं तोच भोवरा दुर्बिणीला जोडला. विमान हललं तरी नजर हलत नाही.

बॉम्बार्डियर आधी आपली उंची, वेग आणि बॉम्बची जात यंत्राला सांगायचा. मग दुर्बिणीतली फुली लक्ष्यावर आणायची आणि दोन गुंड्या हळूहळू फिरवत राहायचं. एक गुंडी पुढच्या सरकण्याची, एक वाऱ्यानं बाजूला वाहण्याची. गुंड्या बरोबर जुळल्या की फुली लक्ष्यावर चिकटल्यासारखी राहते. ती तशी राहिली की यंत्राला कळतं आपण जमिनीवरून किती वेगानं आणि कुठल्या तिरपेनं चाललोय. त्यावरून ते सोडायचा कोन काढतं आणि तो कोन आला की बॉम्ब आपोआप सुटतात. शिवाय हे यंत्र ऑटोपायलटला जोडता येई. तसं जोडलं की शेवटच्या धावेत बॉम्बार्डियरनं गुंडी फिरवली की विमान वळायचं. पायलट त्या वेळी नुसता बसून असायचा. ही जोडणी लढाईत यशस्वीपणे पहिल्यांदा वापरली गेली ती ह्याच फेगेझाकच्या मोहिमेत.

हे सगळं अतोनात गुप्त. बॉम्बार्डियरला शपथ घ्यावी लागे की जीव गेला तरी हे गुपित राखीन. यंत्र कापडी खोळीत घालून, हत्यारी पहाऱ्यात विमानापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. गंमत अशी की नॉर्डन कंपनीतल्याच हरमन लांग नावाच्या कामगारानं त्याचे आराखडे युद्ध सुरू व्हायच्या आधीच जर्मनीला पोचवले होते. पहारा बसला तेव्हा घोडं कधीच गेलेलं होतं.

अमेरिकन बढाई अशी होती की २०,००० फुटांवरून लोणच्याच्या पिंपात बॉम्ब टाकू. टेक्ससच्या निरभ्र आकाशात, शांतपणे सराव करताना कदाचित जवळपास जातही असेल. पण ह्या यंत्राची एक अट होती. शेवटचं मिनिट-दोन मिनिटं विमान एका रेषेत, एका उंचीवर, एका वेगानं चाललं पाहिजे. वळायचं नाही, बगल द्यायची नाही. आणि खालच्या तोफखान्याला नेमकं तेच हवं असतं. वरचा माणूस नेम धरतो तेव्हा तो स्वतः सगळ्यांत सोपा नेम होऊन बसतो.

ह्यात अजून एक भर पडली होती. प्रत्येकानं आपापला नेम धरायचा ही पद्धत त्या हिवाळ्यात मागे पडत चालली होती. सगळ्यांत हुशार बॉम्बार्डियर पुढच्या विमानात ठेवायचा, त्याचे बॉम्ब सुटलेले दिसले की मागच्यांनी आपले सोडायचे. त्या दिवशी आपल्या स्क्वाड्रनपुढे जॅक होता. त्याची चूक ही सगळ्या स्क्वाड्रनची चूक झाली असती.

फेगेझाकच का, तर तिथं वेझर नदीच्या काठी ब्रेमर व्हल्कान ही गोदी होती आणि तिच्यात पाणबुड्या बांधल्या जात. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांका परिषदेत दोस्तांनी ठरवलं की विमानांनी आधी पाणबुड्यांचे कारखाने आणि तळ धरायचे. अटलांटिकवर परिस्थिती वाईट होती. १६ मार्चपासून चार दिवस एचएक्स २२९ आणि एससी १२२ ह्या दोन ताफ्यांवर चाळीसएक पाणबुड्या तुटून पडल्या आणि २२ मालवाहू जहाजं बुडाली. जर्मनांची गेली ती एक पाणबुडी. १८ तारखेला सकाळी मोल्सवर्थहून विमानं उडाली तेव्हा ती जहाजं समुद्रात बुडत होती.

आदल्या रात्री थोरला मार्क भावाला भेटायला मोल्सवर्थला आला होता. तो मध्यम पल्ल्याच्या बॉम्बरवर होता आणि नुकताच इंग्लंडात पोचला होता. दोघं भाऊ घरापासून इतक्या लांब भेटले. सकाळी जॅक आपल्या चौदाव्या मोहिमेवर गेला आणि मार्क धावपट्टीपाशी परतीची वाट पाहत थांबला.

त्या दिवशी ७३ बी-१७ आणि २४ लिबरेटर लक्ष्यावर पोचली. म्हणजे आमच्या विमानांची भावंडंही तिथं होती. नाकात दोघं बसतात, पुढे बॉम्बार्डियर आणि मागे टेबलाशी नॅव्हिगेटर. त्या उंचीवर बाहेर उणे तिशी-चाळिशीची थंडी, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, बोलायचं ते इंटरकॉमवर. बॉम्ब सुटायला मिनिटभर राहिलं असेल-नसेल, तोच गोळा नाकाच्या उजव्या अंगाला फुटला. काच फोडून तुकडे आत आले. जॅकचा उजवा हात कोपराच्या वर चिरफाळला, कुशीत आणि पोटात मोठी जखम झाली, आणि तो उडून कप्प्याच्या मागच्या भिंतीवर आदळला. ते नऊ फूट.

तिथून तो परत सरकत गेला.

इथं मी माझा हिशेब घालतो. त्या उंचीवर बी-१७ सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास जातं. दोन सेकंद उशीर म्हणजे दोनशे मीटर. तो मागे पडला तेव्हा गुंड्या जुळत आलेल्या असणार, भोवरा फिरतच असणार. भोवऱ्याला माणूस मेला-जगला कळत नाही. पण धक्का बसल्यावर फुली लक्ष्यावर आहे की नाही, हे बघायला डोळा लागतो आणि चुकली असेल तर परत आणायला हात लागतो. त्याच्याकडे डावा उरला होता. त्यानं नेम पाहिला, बॉम्ब सोडले आणि इंटरकॉमवर नेहमीची वर्दी द्यायला सुरुवात केली. इंग्रजीत ती दोन शब्दांची असते, 'बॉम्ब्स अवे'. त्यातला पहिलाच शब्द बाहेर आला. दुसरा नॅव्हिगेटरनं पुरा केला. नॅव्हिगेटरनं नंतर सांगितलं की बॉम्बचे दरवाजे बंद करायच्या दांड्याकडे जॅकनं हात नेला आणि तो मागे कलंडला. तोवर त्याला काय झालंय हे शेजारच्या माणसालाही उमगलं नव्हतं.

इतक्या उंचीवरून बॉम्ब जमिनीवर पोचायला चाळीसएक सेकंद लागतात. आपला नेम लागला की नाही हे बघायला जॅक मॅथिस बहुधा नव्हता.

नेम लागला होता. २६८ टन बॉम्ब पडले आणि फोटो तपासल्यावर निघालं की ७६ टक्के बॉम्ब लक्ष्याच्या १,००० यार्डांच्या आत पडलेत. सात पाणबुड्यांचं मोठं नुकसान झालं असा अंदाज बांधला गेला. खुद्द चर्चिलनं अभिनंदन कळवलं. अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाला इतकं चांगलं यश तोवर मिळालं नव्हतं. फक्त दोन विमानं गमावली.

पण हजार यार्ड म्हणजे किती, तेही टेप लावून बघावं. हजार यार्ड म्हणजे नऊशे चौदा मीटर. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा लक्ष्य धरा आणि एवढं वर्तुळ काढा. त्यात कसबा गणपती येतो, लाल महाल येतो, दगडूशेठ येतो, महात्मा फुले मंडई येते, नदीपलीकडचं महापालिका भवनही येतं. ह्या सगळ्यात कुठंही पडला तरी तो बॉम्ब 'नेमावर' मोजला जायचा. आणि उरलेले २४ टक्के त्याच्याही बाहेर. लोणच्याचं पिंप कुठं आणि ही पेठ कुठं! फेगेझाक म्हणजे नुसती गोदी नव्हे, गाव होतं. गोदीच्या कुंपणाला लागून घरं होती. जॅकचं मोठेपण सांगताना हे वर्तुळ लपवलं तर ते माझ्या पेशाला धरून होणार नाही. आम्ही मोजणारी माणसं.

दुसरं मोजमाप आणखी कडू आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकेनं स्वतःच बॉम्बफेकीच्या परिणामांची पाहणी केली. निष्कर्ष असा निघाला की १९४३ सालच्या गोद्यांवरच्या हल्ल्यांनी पाणबुड्यांचं उत्पादन फारसं अडलं नव्हतं. मोडलेलं दुरुस्त झालं. फेगेझाकपासून थोडं खाली, फार्गे इथं जर्मनांनी त्याच वर्षी नदीकाठी एक राक्षसी काँक्रिट कोठार बांधायला घेतलं, वरून काही टाका पण आत पाणबुड्या बनत राहाव्यात म्हणून. ते बांधायला छळछावण्यांतले आणि धरून आणलेले हजारो मजूर लावले. त्यांतले हजाराहून जास्त तिथंच मेले. मार्च १९४५ मध्ये ब्रिटिश बॉम्बनी छप्पर फोडलं तोवर तिथून एकही पाणबुडी बाहेर पडली नव्हती. ते कोठार अजून उभं आहे, आता स्मारक म्हणून. व्हल्कान गोदीच १९९७ साली बंद पडली.

पाणबुड्या हटल्या त्या दुसऱ्याच कारणानं. १९४३ च्या मे महिन्यात जर्मनांच्या ४१ पाणबुड्या गेल्या आणि २४ मे रोजी ॲडमिरल डोनिट्झनं उत्तर अटलांटिकमधून आपले ताफे मागे घेतले. त्या महिन्यात ताफ्यांच्या राखणीला जास्तीची लढाऊ जहाजं होती, रडार होतं, आणि अटलांटिकच्या मधोमध, जिथं आधी कुठलंच विमान पोचत नव्हतं, तिथवर जाणारी लांब पल्ल्याची विमानं होती. ती विमानं होती लिबरेटर. तेवीस-चोवीस वर्षांनी तीच जात अरबी समुद्रावर गस्त घालत होती आणि तिची घड्याळं मी पुसत होतो.

मार्कचं काय झालं ते सांगायचं राहिलं. 'द डचेस' उतरलं तेव्हा तो तळावरच होता. भाऊ उतरवला गेला तो त्याच्यासमोर. मार्कनं आपली बदली ३०३ व्या ग्रुपमध्ये मागून घेतली आणि जॅकच्या जागेवर, जॅकच्याच बॉम्बसाइटमागे बसला. दोन महिने पुरे झाले नाहीत. १४ मे १९४३ ला कील बंदरावरच्या मोहिमेत त्याचं विमान उत्तर समुद्रात गेलं. मार्कचा देह मिळाला नाही. अशा न सापडलेल्यांसाठी केंब्रिजजवळच्या अमेरिकन स्मशानभूमीत एक लांबलचक भिंत आहे, तिच्यावर ५,१२७ नावं कोरलेली आहेत.

जॅकला मेडल ऑफ ऑनर जाहीर झालं ते १२ जुलै १९४३ च्या आदेशानं. आठव्या हवाई दलात हे पदक मिळवणारा तो पहिला. पदक आईच्या हाती दिलं गेलं. तोवर जॅक आणि मार्क दोघंही गेले होते. भावापाठोपाठ भाऊ जाऊ न देणारं शहाणपण सैन्याला तेव्हा सुचलं नव्हतं आणि मार्कनं ते ऐकलं असतं असंही मला वाटत नाही.

मग ह्या सगळ्याचं काय करायचं? नेम लागला, हेतू साधला नाही. हिनं मला सरळ विचारलं, "मग तो पोरगा फुकटच गेला म्हणा की." मी दोन दिवस उत्तर दिलं नाही.

लोहगावची एक रात्र आठवली. कृत्रिम क्षितिजाचं घड्याळ बदलून मी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या कामाच्या नोंदवहीत, सही केली, सायकल काढली आणि गेटबाहेर पडलो. टिंगरेनगरपाशी आल्यावर मनात आलं, मागचा लॉकनट आपण आवळला का? आवळला असणारच. नव्वद टक्के खात्री. पण पहाटे विमान समुद्रावर जाणार होतं, आत आठ-दहा माणसं, आणि ढगात शिरल्यावर ती माझ्या त्या घड्याळाकडे बघणार होती. सायकल वळवली. पहारेकऱ्याची बोलणी खाल्ली. बॅटरी दातात धरून नाकाकडून आत शिरलो. नट घट्टच होता. घरी पोचायला अकरा वाजले. कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

मी स्वतःला मॅथिसच्या पंगतीला बसवत नाही. त्याच्या नऊ फुटांपुढे माझे सायकलवरचे चार मैल म्हणजे काहीच नाहीत. पण तो मागे का वळला हे मला त्या रात्रीमुळे थोडंफार कळतं. पदकाच्या लेखात लिहिलंय की सगळ्या स्क्वाड्रनची अचूकता त्याच्यावर अवलंबून होती आणि हे जाणून तो परत गेला. लोक त्यात शौर्य वाचतात, आणि शौर्य आहेच. मला त्यात कारागीर दिसतो. काम अर्धं राहिलंय, मागच्यांचं आपल्यावर अडलंय, आणि हे करणारा इथं दुसरा कोणी नाही. युद्ध योग्य की अयोग्य, गोदी महत्त्वाची की नाही, हे ठरवणारे लोक चोवीस हजार फुटांवर नव्हते. ते खाली, उबदार खोल्यांत होते. त्यांच्या हिशेबात चूक निघाली. त्याच्या हिशेबात निघाली नाही. आणि त्याच्या बरोबर आलेल्या हिशेबाखाली ज्यांची घरं आली, त्यांना ह्या फरकाचा काही उपयोग नव्हता. ह्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनं दुसरी खोडून निघत नाही. हेच मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "पोरांच्या आईला विचारा कुणीतरी." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आठव्या हवाई दलाची २६,००० च्या आसपास माणसं त्या युद्धात मेली. पदक मिळालं सतरा जणांना.

दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक लिबरेटर उभं आहे, आपल्याच हवाई दलात नोकरी केलेलं. मुलं इंजिनं मोजतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही नाकापाशी थांबा, खालून त्या काचेकडे बघा. तिथं एक माणूस बसायचा. बी-१७ मध्येही तिथंच बसायचा. त्या काळात २५ मोहिमा पुऱ्या केल्या की त्याला घरी जाता यायचं. जॅक मॅथिसची ती चौदावी होती.